पोलीस गटाचं रजिस्टर मागतात तेव्हा

ताईंनो, कर्जाच्या वादावरून कुणी तक्रार केली आणि पोलीस चौकशीला आले, की पहिलं वाक्य असतं, "रजिस्टर घेऊन ठाण्यात या." अध्यक्ष-सचिव ताई घाबरतात. खतावणी, पासबुक, शिक्का, सगळं पिशवीत घालून देऊन टाकतात. मग पुढच्या बैठकीत कुणाची बचत किती, कुणाचा हप्ता राहिला, हे सांगायला कागदच नसतो.

तपासासाठी कागद मागायचा अधिकार पोलिसांना आहेच. पण नुसतं तोंडी सांगून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ९४ प्रमाणे ठाण्याच्या प्रमुख अधिकाऱ्याने लेखी आदेश द्यायचा असतो. तो मोबाईलवरही येऊ शकतो. फक्त कागदच मागितला असेल, तर दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवला तरी चालतो. मात्र आदेश आल्यावर रजिस्टर लपवायचं नाही, पानं फाडायची नाहीत, तो गुन्हा होतो. देण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढा आणि पोहोच घ्या. पोहोचेवर कोणत्या तारखेपर्यंतच्या नोंदी आहेत तेही लिहून घ्या, नुसतं "एक वही" नको.

काही वेळा पोलीस कारण लिहून थेट झडती घेतात. तेव्हाही पंचांसमोर यादी करायची, झडतीचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं, आणि यादीची प्रत घरच्यांना द्यायची असते. बाईची अंगझडती बाईच घेणार.

आता ठाण्यात जायचं. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल, तर कलम १७९ प्रमाणे बाईला तिच्या राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. जुन्या कायद्यातही हेच होतं. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं, तेव्हा १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर नाराजी दाखवली. आरोप असलेल्या माणसाला स्वतःला अडकवणारी उत्तरं देण्याची सक्ती करता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. मुख्यमंत्री राहिलेल्या बाईला कोर्टात जावं लागलं, मग आपण आधीच माहीत करून घेतलेलं बरं!

तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. फिर्याद आणि पंचनाम्यावर सही असते, तो वेगळा कागद.

"दारात पोलिसांची गाडी नको, त्यापेक्षा मीच जाते," असं बऱ्याच ताई म्हणतात. स्वतःहून जायला कायद्याची आडकाठी नाही. फक्त एकट्या जाऊ नका, गटातली एखादी ताई सोबत घ्या.