नववीतला भागाकार

गोंदिया जिल्ह्यात नागझिरा अभयारण्यालगतच्या गावांत घरोघरी गोंडी, पोवारी किंवा झाडीबोली कानी पडते. शाळेची मराठी वेगळी. तिथे अडखळलेलं मूल पुढे ढकललं जातं आणि नववीत थांबतं. हे एकट्या गोंदियाचं दुखणं नाही. ग्रामीण भारतातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांची 'असर' पाहणी 2023 मध्ये झाली. त्यात तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं निम्म्याहून कमी मुलांना जमलं. मग बीजगणित उभं कशावर राहणार?

यावर 'प्रथम' या शिक्षणातल्या संस्थेची पद्धत साधी आहे. आधी प्रत्येक मुलाची तोंडी चाचणी, मग रोज थोडा वेळ इयत्तेनुसार नव्हे, तर येतं त्यानुसार गट. मुंबई आणि वडोदऱ्यात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी अशा कामाचा अभ्यास केला, तेव्हा मागे पडलेल्या मुलांची प्रगती ठळक दिसली. ते वर्ग प्राथमिकचे होते हे खरं; हायस्कुलात अभ्यासक्रम संपवण्याची घाई आड येते. तरी दहावीच्या जानेवारीतल्या जादा तासांपेक्षा नववीच्या जूनमधला हा तास जास्त उपयोगाचा.

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत निकालाची टक्केवारी विचारण्याआधी अशी चाचणी झाली का, हे जरूर विचारा.