विश्लेषण : परदेशी राहायला निघताना बॅग हलकी कशी करायची? घरी कोणती तयारी हवी?

हिवरखेड, तेल्हारा, अकोट या पट्ट्यातून शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी निघालेल्याच्या घरी शेवटचे पंधरा दिवस बॅग भरण्यातच जातात. शेवया, पापड, मसाले, कुकर, ब्लँकेट... वजन वाढतच जाते. पण दोन-तीन वर्षे बाहेर राहायचे असेल, तर राहून गेलेली वस्तू तिथे विकत मिळते. राहून गेलेला कागद आणि घरचे अर्धवट काम मात्र तिथून पुरे करणे कठीण जाते.

बॅगेचे वजन कुठे ठरते?

प्रवासातल्या सर्वात कमी मर्यादेच्या टप्प्यावर. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय तिकिटावर बहुधा २३ किलोच्या एक किंवा दोन बॅगा नेता येतात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. पण देशांतर्गत विमानात मोफत सामान साधारण १५ किलोच असते. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर वरच्या प्रत्येक किलोचे पैसे अमरावतीतच मोजावे लागतात. अकोल्याहून रेल्वेने गेल्यास स्लीपर आणि थर्ड एसीत ४० किलोपर्यंत सामान मोफत नेता येते. दोन मोठ्या बॅगा असतील तर हा मार्ग स्वस्त पडतो. कसोटी सोपी आहे : भरलेल्या बॅगा घेऊन कोणाच्या मदतीशिवाय जिना चढता आला पाहिजे.

काय घरीच ठेवायचे?

अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असते. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नीट चालत नाही; प्लगचा अडॅप्टर लावला तरी व्होल्टेज बदलत नाही. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर '१००-२४०' असे छापलेले असते, त्यामुळे तो चालतो. कडाक्याच्या थंडीचे जाड कोट तिथल्या हवेप्रमाणे तिथेच घेतलेले बरे. आठवडाभर पुरतील एवढे कपडे न्यावेत, बाकी धुऊन वापरावेत.

कोणते पदार्थ अडतात?

वऱ्हाडी रश्श्याच्या मसाल्यातली खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेला पदार्थ आहे. ती चिमूटभर सापडली तरी गुन्हा दाखल होऊ शकतो. सुक्या खोबऱ्यात तेल असते आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते चेक-इन बॅगेत चालत नाही. युरोपीय संघातील देशांत बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत; म्हणजे पेढे, खवा, तूप नको. ऑस्ट्रेलियात खाण्याचा प्रत्येक पदार्थ उतरताना जाहीर करावा लागतो. लपवल्यास मोठा दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो.

हातातल्या बॅगेत काय हवे?

मूळ कागदपत्रे, औषधे, एक जोडी कपडे आणि पॉवर बँक. मोठी बॅग एक-दोन दिवस उशिरा आली तरी अडू नये, हा हेतू. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकता येत नाही. हातातल्या बॅगेत १०० वॉट-अवरपर्यंत चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवरची होते. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव असावे, कारण तिथे ब्रँड वेगळे असतात.

कागदपत्रे कधीपासून?

निदान तीन-चार महिने आधी. अनेक देशांना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक लागते. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' नोंद असते. त्यांना आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. पदवी, जन्मदाखला यांना अनेक देशांत अपोस्टिल लागते. त्यासाठी आधी राज्य पातळीवर आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकन होते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टच्या जास्तीच्या प्रती आधीच काढाव्यात. नंतर त्यासाठी घरच्यांना अमरावतीच्या चकरा माराव्या लागतात.

घरी काय लावून द्यायचे?

बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवरच येतो. तो नंबर बंद पडला की खाते हाताळणे अवघड होते, म्हणून निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे आणि रिचार्जची जबाबदारी घरातल्या एकाकडे द्यावी. परदेशी वास्तव्य सुरू झाल्यावर साधे बचत खाते एनआरओ खात्यात बदलावे लागते. हा नियम विद्यार्थ्यांनाही लागू आहे.

शेती नावावर असेल तर आणखी एक गोष्ट. अनिवासी भारतीयाला आधीची किंवा वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, पण नवी विकत घेता येत नाही. वाटणी, कर्ज किंवा विक्रीची कामे पुढे येणार असतील, तर विश्वासातल्या माणसाच्या नावे ठरावीक कामापुरते मुखत्यारपत्र करून दुय्यम निबंधक कार्यालयातून पक्के करून घ्यावे. हेच काम परदेशातून करायचे तर भारतीय वकिलातीत वेळ घेऊन जावे लागते आणि कागद टपालाने गावी पाठवावा लागतो. तोवर तलाठी कार्यालयातले काम थांबून राहते.