शिंका नाकाला, थकवा अंगाला

पावसाने उघडीप दिली की बांधावर गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरून जाते, आणि कुणाच्या तरी घरी सकाळी उठल्याबरोबर शिंकांचा सपाटा सुरू होतो. नाक गळते, डोळे चुरचुरतात. हे चारचौघांना दिसते, पण अंगातला थकवा दिसत नाही. सून दुपारी खुरपे ठेवून टेकली की ‘अंग चोरते’ असा ठपका येतो. तो ठेवण्याआधी थकव्याचे कारण समजून घ्या.

गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, मूळचे आपले नव्हे. १९५५च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्याचे बारीक पराग नाकात गेले की काहींचे शरीर त्यांना शत्रू समजते आणि हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडते. नाकाला आतून सूज येते. या झटापटीने अंग गळून जाते. रात्री नाक चोंदल्याने झोप मोडते आणि माणूस उठतो तो दमलेलाच. त्यात सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. अशी गोळी घेऊन ट्रॅक्टर, मळणी यंत्र किंवा कडबाकुट्टीजवळ जाऊ नका. कमी गुंगीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या.

घरी काय कराल? शेतात जाताना नाकातोंडाला दुहेरी फडके बांधा. परतल्यावर हातपाय, तोंड धुऊन कपडे बदला. त्याच कपड्यांनी अंथरुणावर पडू नका. पाणी उकळून कोमट करा, पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ घालून नाक धुवा. गाजरगवत फुलण्याआधीच, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे घाला, आणि ज्याला त्रास होतो त्याला हे काम देऊ नका.

मात्र प्रत्येक थकवा गवताच्या माथी मारू नका. धाप लागली, छातीत घरघर झाली तर लगेच दवाखाना गाठा. दोन आठवड्यांवर खोकला राहिला, संध्याकाळी ताप आला किंवा वजन घटले तर थुंकी तपासून घ्या. चेहरा पांढरा पडला असेल तर रक्त तपासा; प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय असते.

आणि घरच्यांनो, त्या दिवसांत तिच्या वाट्याचे एखादे काम तुम्ही उचला. औषधाइतकाच त्याचाही गुण येतो.