घरगुती भट्टीचा ब्लोअर सुरू न होणे : कारणे व तपासणीचा क्रम

प्रस्तावना :
भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी परंपरेने ओळखले जाते. पितळ हे तांबे व जस्त यांचे संमिश्र असून ते सुमारे ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला वितळते. जस्त मात्र ९०७ अंशांस उकळू लागते. भट्टीचा वारा मध्येच थांबून धातू पुन्हा तापवावा लागला, तर जस्त वाफेने निघून जाते व ओतकाम बिघडते. भात्याचे फाटणे डोळ्यांना दिसत असे. विजेच्या ब्लोअरमधील दोष दिसत नाही. तो ओळखण्याचा क्रम येथे मांडला आहे.

दक्षता :
वारा थांबताच कार्बन मोनॉक्साइड नळीतून मागे येऊ शकतो. म्हणून प्रथम दारे-खिडक्या उघडून नळी वेगळी करावी. नंतर प्लग काढावा. कपॅसिटरमध्ये त्यानंतरही विद्युतभार उरतो; त्याची टोके साध्या तारेच्या बल्बमधून जोडून तो रिकामा करावा.

लक्षणे व कारणे :
१) पूर्ण शांतता : वीज मोटारीपर्यंत पोहोचत नाही. फ्यूज, प्लग, वायर व स्विच क्रमाने तपासावेत. कार्बन ब्रशची मोटार असल्यास ब्रशची झीज पाहावी.
२) गुणगुण होते, पण पाते फिरत नाही : प्लग काढलेला असताना आस हाताने फिरवून पाहावा. तो अडत असल्यास राख किंवा सुकलेले ग्रीस हे कारण असते. सहज फिरत असल्यास कपॅसिटरचा संशय घ्यावा. एक-फेज वीज स्वतःहून फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करीत नाही. आरंभाचा धक्का कपॅसिटर व साहाय्यक गुंडाळी मिळून देतात. नवा कपॅसिटर त्याच क्षमतेचा व किमान तेवढ्याच व्होल्टचा असावा.
३) फ्यूज वारंवार उडतो : गुंडाळी जळालेली असू शकते. जाड तारेचा फ्यूज बसवणे हा उपाय नसून आगीस निमंत्रण आहे.

कमी दाबाचा परिणाम :
अशा मोटारीचे आरंभीचे बल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाल्यास ते सुमारे ६१ टक्केच उरते. त्यामुळे निर्दोष ब्लोअरही अडतो.

समारोप :
गुणगुणणाऱ्या ब्लोअरचे पाते काडीने ढकलून सुरू करण्याची युक्ती अनेकांना ठाऊक असते. ती दोष कपॅसिटरमध्ये असल्याचे सुचविते, परंतु बोटे व मोटार दोन्ही धोक्यात घालते. कारागिराला अनुभवाने कळलेले हे लक्षण आणि पदार्थविज्ञानाच्या वर्गात शिकविले जाणारे त्याचे कारण यांची भेट घडविणे, हे स्थानिक महाविद्यालयांना सहज शक्य असलेले कार्य आहे.