चढावर थांबलेली मोटरसायकल निघते तेव्हा

नेरळहून माथेरानच्या दिशेनं जाणारा डांबरी रस्ता दस्तुरी नाक्यापर्यंत सुमारे ९ किलोमीटरचा आहे आणि तेवढ्यात तो जवळजवळ ७०० मीटर चढतो. सरासरी काढली तर तेरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ही झाली सरासरी. काही वळणांवर चढ याहून कितीतरी खडा आहे. सुट्टीच्या दिवशी इथे गाड्यांची रीघ लागते. पुढची टॅक्सी ऐन वळणात थांबते, तिच्यामागची डबलसीट चाललेली १०० सीसीची मोटरसायकलही थांबते. मग टॅक्सी हलते, मोटरसायकलवाल्याचा डावा पंजा सावकाश उघडतो, उजवा पाय ब्रेकवरून उठतो आणि माणसांसकट अडीचशे किलोंचं ते वजन तसूभरही मागे न येता वर निघतं.

घाटाखालच्या गावांतल्या पोरांना यात काही विशेष वाटत नाही. त्या दोन सेकंदांत आत काय चाललेलं असतं हे कळल्यापासून मला मात्र असा प्रत्येक मोटरसायकलवाला थांबून पाहावासा वाटतो.

चढावर गाडी बंद पडली की ‘इंजिनात दम नाही’ असं सर्रास म्हटलं जातं. पण जोराचा हिशेब मांडून पाहा. दहाला एक असा चढ धरला तर गाडीला मागे ओढणारा जोर वजनाच्या एक दशांश, म्हणजे २५ किलोंचा. १०० सीसीचं इंजिन जास्तीत जास्त ८ न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ देतं. ऐकायला किरकोळ. पण पहिल्या गिअरमध्ये दातेरी चाकं आणि चेन मिळून हा पीळ साधारण तेहतीसपट करतात. मागचा टायर रस्त्याला टेकतो तिथे त्याचा रेटा, घर्षणात जाणारा वाटा सोडूनही, ७५-८० किलोंच्या घरात जातो. हवे आहेत २५. म्हणजे जोर मुबलक आहे.

खरी अडचण वेगाची आहे. आयडलिंगला इंजिन मिनिटाला १४०० च्या आसपास फेरे घेतं. त्याला तेहतीसनं भागलं की मागच्या चाकाचे फेरे येतात ४२, आणि गाडीचा वेग ताशी जेमतेम ५ किलोमीटर. पहिल्या गिअरमध्ये इंजिन चाकाला थेट जोडलं तर याहून फार हळू चालणं त्याला झेपत नाही. ते अडखळतं आणि बंद पडतं. चाक मात्र या क्षणी शून्यावर उभं आहे. एका टोकाला १४०० फेरे घेणारं इंजिन, दुसऱ्या टोकाला जागचं न हललेलं चाक, आणि दोन्ही जोडायची आहेत.

याच डोंगरावर १९०७ साली आलेल्या माथेरानच्या छोट्या गाडीला हा प्रश्न पडलाच नव्हता. वाफेच्या इंजिनात पिस्टनवर वाफ सोडली की चाक थांबलेलं असतानाही पुरा जोर मिळतो; खरं तर निघतानाच तो सर्वांत जास्त असतो. विसाला एक अशा चढावर थांबून पुन्हा निघायला त्या इंजिनांना क्लच लागला नाही. आजच्या विजेवरच्या स्कूटरची मोटरही त्याच कुळातली. पेट्रोल इंजिनाला मात्र काम करायला आधी फिरत असावं लागतं. शून्य ते ताशी ५ किलोमीटर हा पट्टा त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि तो पट्टा ओलांडून देण्यासाठी क्लच आहे.

मेकॅनिकनं उजव्या बाजूचं क्लच कव्हर उघडलं की एका डब्यात एकाआड एक रचलेल्या गोल चकत्या दिसतात. एक स्टीलची गुळगुळीत, एक घर्षणाचा थर चिकटवलेली, पुन्हा स्टीलची, पुन्हा थराची. थराच्या प्लेट इंजिनाच्या बाजूनं फिरतात, स्टीलच्या गिअरबॉक्सच्या बाजूनं. स्प्रिंगा या सगळ्यांना एकमेकींवर दाबून धरतात. लिव्हर दाबला की तो दाब सुटतो आणि प्लेट एकमेकींवरून मोकळ्या सरकतात. त्या सुटायला प्रेशर प्लेट सरकावी लागते ती फक्त मिलिमीटर-दीड मिलिमीटर. लिव्हरचं टोक बोटांखाली कित्येक सेंटिमीटर फिरतं, आणि त्यातला ‘गाडी धरते’ तो टप्पा आणखीच छोटा. आत हा टप्पा केसाच्या जाडीच्या मापात मोजावा असा असतो, आणि चार बोटं तो चाचपून नेमका शोधतात.

हे सगळं इंजिनाच्याच तेलात बुडालेलं असतं. जे तेल सिलिंडरमध्ये पिस्टनला घासू देत नाही, त्याच तेलात न्हालेल्या प्लेटनी मात्र एकमेकींना धरून ठेवायचं असतं. म्हणून मोटरसायकलच्या तेलाच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असं लिहिलेलं असतं: या तेलात क्लच घसरणार नाही, याची ती खूण. घर्षण कमी करणारी खास द्रव्यं घातलेलं कारचं तेल इथे ओतलं तर क्लच घसरण्याची भीती असते, आणि ते पहिल्यांदा जाणवतं ते चढावरच.

आता सगळ्यात सुंदर भाग. एकमेकींवरून घसरणाऱ्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण कशावर ठरतं? घर्षणावरच्या अभ्यासासाठी शार्ल कूलोमला १७८१ साली फ्रेंच विज्ञान अकादमीचं पारितोषिक मिळालं. विजेच्या भाराचं एकक ज्याच्या नावानं ओळखलं जातं तोच हा कूलोम. त्याचा निष्कर्ष असा की घर्षण ठरतं दाबावर. घसरण्याचा वेग किती आहे यानं त्यात फारसा फरक पडत नाही. तेलामुळे क्लचमध्ये हा नियम थोडा इकडेतिकडे होतो, पण गाभा तोच. याचा अर्थ, क्लच घसरत असतो तोवर चाकाला किती जोर मिळायचा हे उजव्या हातातली रेस ठरवत नाही. ते ठरवतो डावा पंजा. लिव्हर जितका सुटेल तितका स्प्रिंगांचा दाब प्लेटवर येईल, आणि तितकाच जोर चाकापर्यंत पोचेल. रेसचं काम एवढंच, की तो जोर काढून घेतला जात असताना इंजिनाचा श्वास कोंडू नये.

शिकवणारे ‘चढ आहे, रेस दे’ असं ओरडतात, आणि शिकणारा रेस पिळून क्लच एकदम सोडतो. मग पुढचं चाक उचलतं किंवा गाडी झटका खाऊन बंद पडते. माझ्या मते शिकवायला हवी ती डाव्या हाताची चाल. चढावर गाडी काढतो तो डावा हात.

ते हळू करून पाहू. डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर. वर तोंड करून उभ्या गाडीचं थोडं वजन पुढच्या चाकावरून मागच्या चाकावर आलेलं असतं, त्यामुळे मागचा ब्रेक इथे चांगला धरतो, आणि उजवा हात रेससाठी मोकळा राहतो. पहिला गिअर. रेस आयडलिंगपेक्षा जरा वर, आणि आवाज एका पट्टीत स्थिर. मग लिव्हर सोडत जायचं. सुरुवातीला काहीच होत नाही. तो लिव्हरचा मोकळा खेळ. मग एका जागी इंजिनाचा आवाज बसतो, सीटखालची थरथर बदलते, आणि ब्रेक लावलेला असूनही गाडी पुढे ओढ घेऊ लागते. तिथे हात थांबवायचा. आवाज फार बसला तर रेस किंचित वाढवायची. आता उजवा पाय हळूहळू उचलायचा.

पाय पुरता उठला, आणि गाडी ना पुढे गेली ना मागे. या क्षणी प्लेटमधून येणारा रेटा बरोबर २५ किलोंचा आहे, उतार मागे ओढतोय तेवढाच. इंजिन फिरतंय, चाक थांबलंय, ब्रेक मोकळा आहे, आणि अडीचशे किलो वजन डाव्या हाताच्या चार बोटांच्या अंदाजावर डोंगराच्या अंगाला उभं आहे. चालवणाऱ्यानं चढ मोजलेला नसतो, मागे बसलेल्याचं वजन विचारलेलं नसतं. तरीही त्याच्या हातानं उत्तर बरोबर काढलेलं असतं. लिव्हर आणखी थोडा सैल केला की पंचविसाचे तीस-पस्तीस किलो होतात, आणि वरच्या पाच-दहा किलोंवर गाडी चालू लागते. चालण्याच्या वेगाला येईपर्यंत हात तिथेच ठेवायचा, मग लिव्हर पूर्ण सोडायचा.

या घसरण्याची किंमत उष्णतेनं चुकवावी लागते, आणि तिचं गणित चकित करणारं आहे. समजा निघताना इंजिन तीन हजार फेऱ्यांच्या जवळपास धरून ठेवलं. पहिल्या गिअरमध्ये हा ताशी १० किलोमीटरचा वेग. सपाट रस्त्यावर गाडी या वेगाला येते तेव्हा तिच्यात जेवढी गतिज ऊर्जा साठते, बरोबर तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते: आपल्या गाडीसाठी साडेनऊशे ज्यूलच्या थोडं वर. क्लच दोन सेकंदांत सोडा किंवा सहा सेकंदांत, हा आकडा बदलत नाही. इंजिनानं दिलेल्या ऊर्जेतली अर्धी गाडीला, अर्धी प्लेटना.

चढावर मात्र वेळ महाग होतो. गाडी नुसती जागेवर तोलून धरण्यातही प्लेट घासतच असतात. वरच्याच चढावर दोन सेकंदांत निघालं तर सुमारे १६५० ज्यूल उष्णता होते, सहा सेकंद लावले तर सुमारे ३०००. आणि रांगेत थांबलेले असताना ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलत राहिलो तर दर सेकंदाला सुमारे ६८० ज्यूल प्लेटमध्ये ओतले जातात. घरातली इस्त्री सलग चालू ठेवली तर साधारण याच हिशेबानं तापते. घाट चढून आलेल्या काही गाड्यांपाशी जळका वास येतो तो या घासलेल्या प्लेटचा. तोलाचा तो क्षण निघण्यापुरताच घ्यावा. थांबायचं असेल तर ब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये.

गिअर नसलेल्या स्कूटरला तोलाचा हा बिंदू हातानं धरता येत नाही. तिचा क्लच फिरण्याच्या जोरानं आपणहून उघडून धरतो. तिथे डाव्या हातानं ब्रेक धरून उजव्यानं रेस वाढवायची, आणि ओढ जाणवली की ब्रेक सोडायचा.

हेअरपिन वळणावर हेच सगळं अवघड होतं, आणि तेही डावीकडच्या वळणावर जास्त. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो. वर जाताना रस्ता डावीकडे वळला की आपण वळणाच्या आतल्या अंगाला येतो. आतून आणि बाहेरून चढायची उंची तीच, पण आतली वाट फार आखूड. म्हणून आतला चढ फार खडा. शिवाय रस्ता आतल्या बाजूला कललेला असल्यानं टेकवायला काढलेल्या डाव्या पायाला जमीन खोल लागते. इंडियन रोड्स काँग्रेसचे डोंगरी रस्त्यांचे निकष हेअरपिनवर चाळीसाला एकपेक्षा जास्त चढ नको म्हणतात. नेरळ-दस्तुरीचा रस्ता पाहिला की त्यासाठी डोंगरानं जागाच ठेवलेली नाही हे लक्षात येतं. तिथे पुढची गाडी वळणात अडकलेली दिसली तर वळणाच्या खाली, सरळ तुकड्यावरच थांबावं, आणि तिच्यापासून चांगलं अंतर राखून. निघताना ती मागे येऊ शकते.

कायद्यालाही हे सगळं ठाऊक आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परवान्याच्या चाचणीबद्दलचा १५ वा नियम आहे. उमेदवाराला खड्या चढावर गाडी थांबवून हँडब्रेक किंवा थ्रॉटल आणि पायाचा ब्रेक नीट वापरून, जराही मागे न येता पुन्हा काढता आली पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आणि अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर गाड्या आल्या तर उतरणाऱ्यानं कडेला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, असंही वाहतुकीचे नियम सांगतात. उतरणाऱ्यानं ब्रेक सोडला की त्याची गाडी पुन्हा चालू लागते. चढणाऱ्याला मात्र ते २५ किलो पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागतात.