जाड कादंबरी, सुटे हप्ते

चार्ल्स डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ हातात घेतली की आधी डोळ्यांत भरते तिची जाडी. अध्याय 64! नोकरी, घर, प्रवास सांभाळून एवढं वाचायचं कधी, असं म्हणत पुस्तक पुन्हा कपाटात जातं. पण तिच्या पहिल्या वाचकांनी ती अशी एकगठ्ठा पाहिलीच नव्हती. मे 1849 ते नोव्हेंबर 1850 अशी दीड वर्षाहून अधिक काळ ती दर महिन्याला थोडी थोडी, बहुतेक वेळा तीन-तीन अध्यायांनी, त्यांच्या हाती येत गेली.

कागदी वेष्टनातला तो अंक 32 पानांचा असे. सोबत ‘फिझ’ या चित्रकाराची दोन चित्रं आणि भरपूर जाहिराती. किंमत एक शिलिंग. शेवटचा जोडअंक आला की हौशी वाचक सगळे अंक बाइंडरकडून बांधून घेत. त्या काळी तीन खंडांच्या नव्या कादंबरीला साडेएकतीस शिलिंग मोजावे लागत. इथे वीस शिलिंगांत काम होई, तेही महिन्याला एकेक देऊन. ही पद्धत रुजवली डिकन्सच्याच ‘पिकविक पेपर्स’ने. 1836 साली तिच्या पहिल्या अंकाच्या हजारभर प्रती निघाल्या होत्या. चौथ्या अंकात सॅम वेलर हा हजरजबाबी नोकर अवतरला, खप चढत गेला आणि अखेरीस 40,000 पर्यंत पोचला.

ज्यांना शिलिंगही परवडत नसे, त्यांच्यापर्यंतही हे साहित्य पोचत होतं. डिकन्सचे मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर यांनी घरकाम करणाऱ्या एका वृद्ध बाईची हकीकत नोंदवली आहे. ती तपकिरीच्या दुकानात भाडेकरू होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिथे चहा होई आणि घरमालक ‘डॉम्बी अँड सन’चा नवा हप्ता सगळ्यांना वाचून दाखवी. चहा वर्गणी भरणाऱ्यांनाच मिळे. वाचन मात्र सर्वांसाठी खुलं होतं.

लेखकाच्या बाजूनेही हा खेळ सोपा नव्हता. पुढचे अध्याय लिहून व्हायच्या आतच आधीचे छापून बाजारात गेलेले असत. मागे जाऊन खाडाखोड करण्याची सोय नव्हती. म्हणून डिकन्स प्रत्येक हप्त्यासाठी एक कागद आखून घेई. डाव्या बाजूला स्वतःलाच विचारलेले प्रश्न: हे पात्र आता आणावं का? ते मरावं का? उत्तरं तिथेच, ‘हो’, ‘नाही’, ‘पुढच्या वेळी’. उजव्या बाजूला अध्यायांची नावं आणि त्यांत काय घडतं त्याचं टाचण.

वाचकही गप्प बसत नसत. डिसेंबर 1849 च्या हप्त्यात मिस माउचर ही ठेंगणी, काहीशी संशयास्पद बाई आली. लंडनमधल्या तशाच ठेंगण्या असलेल्या एका बाईंनी त्यात स्वतःला ओळखलं आणि दुखावून डिकन्सला पत्र लिहिलं. त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि आधी ठरवलेलं बाजूला ठेवून मार्च 1850 च्या हप्त्यात त्याच मिस माउचरला सहृदय माणूस म्हणून उभं केलं. बाविसावा आणि बत्तिसावा अध्याय जोडून वाचले तर हा बदल आजही स्पष्ट दिसतो.

थांबायचं कुठे, हेही डिकन्सला नेमकं ठाऊक होतं. ऑगस्ट 1849 चा हप्ता बाराव्या अध्यायावर संपतो. पोरका डेव्हिड गोदामातल्या राबणुकीला कंटाळून आत्याआजीकडे पळायचं ठरवतो. पेटी न्यायला बोलावलेला गाढवगाडीवाला पेटी आणि डेव्हिडजवळचं अर्ध्या गिनीचं नाणं घेऊन पसार होतो. आत्याआजीचं डोव्हर कितीतरी मैल दूर आणि पोरगं रिकाम्या हातांनी पायी निघालेलं. पुढे काय झालं, हे कळायला वाचकांना महिनाभर थांबावं लागलं. आपण पान उलटतो आणि ती हुरहुर हरवून बसतो.

आपल्याला ही रीत नवी नाही. चातुर्मासात श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ घरोघरी रोज एक अध्याय असा लावला जाई, आणि त्याचेही अध्याय 64 च. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. 1890 मध्ये हरि नारायण आपटे यांनी पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ हप्त्याहप्त्याने वाचकांसमोर आली. बालपणापासून वैधव्यापर्यंतची यमूची कहाणी, तिच्याच तोंडून. पुढच्या आठवड्यात यमूचं काय होणार, ही काळजी करता करता वाचक आपल्याच घरातल्या लेकीसुनांकडे नव्याने पाहू शकत होता. एका बैठकीत कादंबरी संपवणाऱ्याला असा वेळ मिळत नाही.

तेव्हा यंदा एक जाड कादंबरी अशीच वाचून पाहा. ‘कॉपरफील्ड’ घेतलीत तर पहिल्या आठवड्यात पहिले तीन अध्याय, दुसऱ्यात पुढचे तीन. पुढे काही हप्त्यांत चार अध्याय येतील, शेवटच्या जोडअंकात सात. बाराव्या अध्यायानंतर मात्र आठवडाभर थांबाच. घरात कुणी ऐकणारं असेल तर मोठ्याने वाचा. मधल्या दिवसांत पात्रांविषयी बोला, वाद घाला. साडेचार महिन्यांत कादंबरी पूर्ण होईल. अभिजात साहित्याला सलग मोकळे दिवस लागतात, या समजुतीपायी कितीतरी चांगली पुस्तकं न वाचता राहून जातात. यातल्या अनेक कादंबऱ्या लिहिल्या गेल्या त्या कामाच्या धबडग्यात जगणाऱ्या माणसांसाठी, त्यांना झेपतील अशा हप्त्यांनी. आपणही तशीच माणसं आहोत. ही पुस्तकं आपल्यासाठीच आहेत.