चापाला तलावाकाठी स्थायिक होताना

ठिकाण : अहीहिक, हालिस्को राज्य, मेक्सिको. ग्वादालाहारा शहराच्या दक्षिणेला सुमारे 50 किमी. उंची अंदाजे 1,500 मीटर, त्यामुळे हवा बारमाही सौम्य. 2020 पासून ‘पुएब्लो माहिको’ या सरकारी पर्यटन यादीत.

तलाव : मेक्सिकोतला सर्वांत मोठा नैसर्गिक गोड्या पाण्याचा तलाव. लेर्मा नदी येऊन मिळते, सान्तियागो बाहेर पडते. जलपर्णीचा त्रास इथेही आहेच.

परदेशी वस्ती : मुख्यतः अमेरिकी व कॅनेडियन निवृत्त. त्यांची ‘लेक चापाला सोसायटी’ 1955 ची. त्याआधी, 1923 मध्ये, डी. एच. लॉरेन्स शेजारच्या चापाला गावी राहून कादंबरी लिहीत होता.

कागदपत्रे :
• पर्यटक : जास्तीत जास्त 180 दिवस, प्रत्यक्षात किती, हे प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवतो.
• तात्पुरता रहिवासी : आधी 1 वर्ष, नूतनीकरणाने एकूण 4. अर्ज सहसा मेक्सिकोबाहेरच्या वकिलातीत. उत्पन्न किंवा बचतीचा पुरावा हवा. देशात आल्यावर 30 दिवसांत कार्डाची प्रक्रिया सुरू करायची.
• कायम रहिवासी : 4 वर्षांनंतर; पुरेसे निवृत्तिवेतन असल्यास थेटही. मात्र परदेशी नंबरप्लेटची गाडी मग चालवता येत नाही.

घर : सीमेपासून 100 व समुद्रकिनाऱ्यापासून 50 किमीच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला बँकेच्या न्यासामार्फतच घर घ्यावे लागते. अहीहिक या पट्ट्याबाहेर; खरेदीखत थेट स्वतःच्या नावे होते.

राजकारण : घटनेच्या कलम 33 नुसार परदेशी नागरिकांना मनाई.

बाजार : दर बुधवारी, रस्त्यावर.

वेळ : भारतापेक्षा साडेअकरा तास मागे.